तिच्या गावाकडे

कामाटीबागेतल्या म्युझियममध्ये सव्वीस वर्षं
मी तिच्या काचपेटीपाशी ड्युटी केली.
खुर्ची होती, पण एका पायानं लंगडी,
साहेब फेरीवर आले की उठताना वाजायची;
शेवटी शेवटी बसणंच सोडलं.

शाळेची पोरं विचारायची, काका, ही रात्री उठते का?
मी म्हणायचो, उठते, आणि तुमच्या वह्या तपासते.
पाटीवर होतं तेवढंच मला ठाऊक.
बाकीचं जमेल तसं रचून सांगत आलो.

रिटायर झाल्यावर फंडातले पैसे काढले.
सुलभा म्हणाली, लोक काशीला जातात.
म्हटलं, जिच्या दारात जन्म काढला
तिचं माहेर एकदा बघून येऊ.

रावपुऱ्यातली टूर. एकतीस माणसं,
थेपल्यांचे डबे कुणी मोजले नाहीत.

मगरीच्या देवळात गाईड नाबिल सांगत होता :
मगर हा देव, मेला की कापडात गुंडाळून ठेवत.
डभोईचे रसिकभाई मागून म्हणाले,
आमच्या विश्वामित्रीतले पूर आला की सोसायटीत येतात,
आम्ही फॉरेस्टवाल्यांना फोन करतो.
कुणीतरी हे इंग्रजीत सांगितलं.
नाबिल बराच वेळ आमच्याकडे
आम्हीच जमिनीतून निघाल्यासारखा बघत राहिला.

कैरोच्या म्युझियममध्ये सगळे सोनं बघत होते.
मी काचा बघितल्या.
पोरांच्या उंचीवर बोटांचे ठसे, नेहमीसारखे.
कोपऱ्यात एक जण पेंगत होता, एक बूट काढून,
खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
मी त्याला ओळखलं.
त्यानं डोळा उघडला, मला टुरिस्ट समजला, मिटला.

मग राजांची दरी. ऊन असं की सावलीलाही चटका.
जिने उतरत खाली गेलो : छताला निळ्यात पिवळ्या चांदण्या,
रंग इतका ताजा की सुलभानं पदर आवरला.
मधोमध दगडाची पेटी, रिकामी.
तिनं विचारलं, माणूस कुठाय?
नाबिल बोटांवर मोजायला लागला,
लंडन, पॅरिस, तुरिन, बर्लिन,
अंगठा उरला तेव्हा मी म्हटलं, बडोदा.
कुठे आलं हे?
म्हटलं, अहमदाबादच्या खाली.

दगड उचलू नका, वाळूसुद्धा नको,
विमानतळावर काढून घेतात, असं बजावलं होतं.
सुलभानं एक खजूर खाल्ला आणि बी गालात धरून ठेवली,
इतक्या वेळ, की मला वाटलं रुसली.
आता कारेलीबागेत गॅलरीतल्या कुंडीत आहे.
अजून काही नाही वर आलेलं.

परवा तिकीट काढून आत गेलो, जन्मात पहिल्यांदा.
नवा पोरगा ड्युटीवर होता.
म्हणाला, काका, काचेला हात नको.
हात काढला, ठसा रुमालानं पुसला,
आणि आजूबाजूला कुणी नाही बघून सांगितलं :

तुमच्याकडे नदीला पाणी आहे.
ऊस बरा आलाय.
तो वाहायला एक छोटी आगगाडी आहे,
आपल्या बागेतल्या गाडीहून थोडी मोठी.
गाढवं हट्टीच आहेत.
बायका दारात बसून भाजी निवडतात
आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात, बहुतेक.
घर तेवढं सापडलं नाही.
विचारणार कुणाचं म्हणून?

पोरगा म्हणाला, बसा ना काका, दमलात.
खुर्ची तीच.
तिकिटाची चौघडी केली,
वाकून पायाखाली सरकवली
आणि बसलो.